‘हरलो की कोच बदला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

असले फॉरवर्ड मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता येत नाही, कारण तो माझ्या पुतणीच्या हॉकी क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर आला. आमच्या मुलींचा १४ वर्षांखालचा संघ उपांत्य सामना शूटआउटमध्ये (बरोबरी झाल्यावर एकेक खेळाडू गोलकीपरसमोर जाऊन निकाल लावतात, त्यात) हरला त्याच संध्याकाळी. खाली एका पालकांनी लिहिलं, ‘आपणही हाच नियम लावू या, सरांना आता विश्रांती द्या.’ त्यावर धडाधड अंगठे पडले. पुण्यातल्या या लोकांनी संध्याकाळी साडेपाचला मैदानावर येऊन सरांचा एक तरी सराव पुरता पाहिला असता, तर मी गप्प बसलो असतो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: बाद फेरीत हरलेल्या संघाचा कोच लगेच काढावा. २०२३ च्या विश्वचषकानंतर भारताच्या पुरुष हॉकी संघाचे कोच ग्रॅहम रीड यांना काढलं म्हणून पुढची पदकं आली. परदेशात हरलेल्या कोचला दुसरी संधी नसते. भारताने ऑलिम्पिकची ८ सुवर्णपदकं परदेशी कोचशिवाय जिंकली. खडकीच्या धनराजला कुठला कोच होता? आणि नोकरीची भीती असली तरच कोच काम करतो.

रीड यांच्यापासून सुरू करतो, कारण सगळा फॉरवर्ड त्यावरच उभा आहे. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: त्यांच्यानंतर आलेल्या क्रेग फुल्टन यांच्या हाताखाली संघाने हांगझोऊला आशियाई खेळांचं सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्य जिंकलं. बदल फळला, हे खरं. पण कशामुळे फळला ते फॉरवर्डमध्ये नाही. रीड यांना काढलं नव्हतं, त्या विश्वचषकातल्या भुवनेश्वरच्या पराभवानंतर त्यांनी स्वतः राजीनामा दिला. तो सामना आठवा. न्यूझीलंडविरुद्ध आपण ३-१ पुढे होतो, ३-३ झालं आणि शूटआउटमध्ये गेलो. हातातला सामना गेला. त्यानंतर रीड उघडपणे म्हणाले होते की या संघाला मानसिक तयारीसाठी स्वतंत्र प्रशिक्षक हवा. तो मिळाला, पण त्यांना नाही. त्याच वर्षी मानसिक तयारीचे प्रशिक्षक पॅडी अप्टन संघासोबत आले तेव्हा कोच फुल्टन होते. हरमनप्रीत, मनप्रीत, हार्दिक, श्रीजेश, रोहिदास हे सगळे रीड यांच्याच संघात टोकियो ऑलिम्पिकला खेळलेले. म्हणजे खेळाडू तेच आणि जुन्या कोचने मागितलेली मदत नव्या कोचला मिळाली. याला ‘काढलं म्हणून जिंकलो’ म्हणायचं?

आणि हाच नियम २०२१ ला लावला असता तर? टोकियोत ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ ने धुतलं होतं. त्या रात्री ग्रुपांवर काय काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. दीड आठवड्याने त्याच रीड यांच्या संघाने जर्मनीविरुद्ध ३-१ ची पिछाडी भरून काढत ५-४ ने सामना जिंकला आणि ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणलं. फुल्टन यांचंही तेच. जून २०२५ मध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात भारत सलग ७ सामने हरला. त्यांना ठेवलं, आणि सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ ने हरवून आशिया चषक घेतला, विश्वचषकाची पात्रताही मिळवली.

कोच बदलून पाहण्याचा प्रयोग आपण काही कमी केलेला नाही. २००२ च्या विश्वचषकात तर स्पर्धा चालू असतानाच सेड्रिक डिसूझा यांना काढलं, भारत दहावा आला. २००४ ला अथेन्स ऑलिम्पिकच्या तोंडावर राजिंदर सिंग यांना हटवून गेरहार्ड राख यांना आणलं. २००० ला सिडनी ऑलिम्पिकमध्ये सातवे होतो, अथेन्सलाही सातवेच आलो. २००८ ला तर ऑलिम्पिकची पात्रताच हुकली. पुढे २०१४ च्या अखेरीपासून २०१९ च्या सुरुवातीपर्यंत वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मरीने, हरेंद्र असे पाच कोच गेले. वॉल्श तर आशियाई सुवर्ण जिंकून देऊन गेले.

परदेशाचा मुद्दा. तिकडेही लोक काढतात, खोटं कशाला बोलू. पण ‘दुसरी संधी नसते’ हे साफ चूक. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत टॅम्पा बे लाइटनिंग नावाचा संघ आहे. २०१८-१९ च्या हंगामात त्यांनी ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा सफाया करून घेतला. नाचक्कीच होती. कोच जॉन कूपर यांना मालकांनी हात लावला नाही. २०२० आणि २०२१, लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे तिथली विजेतेपदं, त्याच माणसाने जिंकून दिले.

आठ सुवर्णांबद्दल एवढंच: १९७६ पासून ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. त्याआधीची सातही सुवर्णं गवतावरची आहेत. खेळच बदलला.

धनराज पिल्ले यांचं नाव तरी असं वापरू नका. १९९८ ला बँकॉकमध्ये ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आलं तेव्हा ते कर्णधार होते आणि एम. के. कौशिक कोच. परत आल्यावर धनराजसकट अनेक ज्येष्ठ खेळाडूंना वगळलं, कौशिकही गेले. ‘काढा, बदला’ या वृत्तीचा फटका ज्याला जिंकूनही बसला, त्याच्याच नावावर ही वृत्ती खपवताय.

आता भीतीचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. शूटआउटमध्ये खेळाडूला २३ मीटरच्या रेषेपासून ८ सेकंद मिळतात. गोलकीपर धावत अंगावर येते, तिला चकवायचं आणि वेळेत मारायचं. आमच्या मुली रोज मुरमाच्या मैदानावर सराव करतात. तिथे चेंडू उडतो, म्हणून त्यांना तो स्टिकला चिकटवून, जपून न्यायची सवय. सामना होता पाणी मारलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर. तिथे चेंडू सरळ सुसाट निघतो. आमच्या तिसऱ्या मुलीने गोलकीपरला उजवीकडून सुंदर चकवलं, पण चेंडू हातभर पुढे सटकला. ती वळून मारणार तोच शिट्टी. ती तेरा वर्षांची आहे. आपल्यामुळे सर जाणार हे तिला घरी कानावर पडलं, तर पुढच्या वेळी ती चेंडू ठेवायला पुढे येईल का? कोच घाबरला तर तो तिला चकवायला शिकवणारच नाही. सरळ मारून मोकळी हो म्हणेल, कारण त्यात त्याच्यावर ठपका कमी येतो.

सरांच्या चुका नाहीत असं नाही. बदली गोलकीपर तयार केलेली नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पण महिन्यातून दोनदा तरी टर्फ भाड्याने घेऊ या, हे त्यांनी याच ग्रुपवर दिवाळीआधी लिहिलं होतं. वर सरकवून बघा. त्याला एकही अंगठा नाही.

रविवारच्या मीटिंगला मी येतोय. सरांना काढायचा ठराव मांडणार असाल तर खुशाल मांडा. पण त्याआधी टर्फच्या भाड्याचं आणि गोलकीपरच्या नव्या पॅडचं बोलू. माझ्या घरचा वाटा मी तिथेच देणार आहे. बाकी कोण कोण देणार, ते तेवढं ग्रुपवर लिहा.