मायाकोव्हस्काया, बर्डी आणि कॉफीचा कप

गेले काही दिवस एक मेसेज नागपूरच्या गटागटांतून फिरतोय. आमच्या सोसायटीच्या गटात तो शेजारच्या काकाजींनी टाकला. वर झुंबरं लटकलेल्या पिवळ्याधमक छताचा फोटो, त्यावर ‘मायाकोव्हस्काया, मॉस्को’ असं नाव. खालच्या मजकुराचं सार असं: खरी मेट्रो जमिनीखालचीच. स्टॅलिनने नकाशावर कॉफीचा कप ठेवला, त्याचा डाग उमटला आणि मॉस्को मेट्रोचा गोल मार्ग तिथेच खोदला गेला. तिथली स्टेशनं खोल आहेत म्हणून महालासारखी आहेत. भारतात हे धाडस आधी दिल्लीने केलं. नागपूरच्या काळ्या दगडात भुयार जमत नाही, म्हणून आपल्या माथी खांबांवरची मेट्रो मारली आणि त्या खांबांनी वर्धा रोडचं आकाश खाल्लं.

आधी फोटोचं बघू. ते स्टेशन मायाकोव्हस्काया नाहीच. पिवळं छत, पांढरी नक्षी आणि झुंबरं हा थाट कोम्सोमोल्स्कायाचा आहे. गोल मार्गावरचं हे स्टेशन १९५२ मध्ये उघडलं. आराखडा अलेक्सेई श्चुसेव्हचा, म्हणजे लेनिनची समाधी बांधली त्याच माणसाचा.

मायाकोव्हस्काया १९३८ ची, वास्तुविशारद अलेक्सेई दुश्किनची. तिथे थाट असा काही नाही, आणि मला ती म्हणूनच जास्त आवडते. तोवर खोल स्टेशन म्हटलं की डोक्यावरच्या मातीचा भार पेलायला भिंतीसारखे जाडजूड खांब उभे करावे लागत आणि मधला दालनासारखा भाग त्यांच्याआड दडून जाई. दुश्किनने भार पोलादी सांगाड्यावर घेतला. त्यामुळे खांब सडपातळ झाले आणि एका फलाटावरून पलीकडचा फलाट सरळ दिसू लागला. खांबांवर स्टेनलेस स्टीलच्या पन्हळी पट्ट्या आहेत. छतात ओळीने लंबगोल घुमट आहेत आणि प्रत्येक घुमटाच्या आत चित्रकार अलेक्सांद्र देइनेकाचं एकेक मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र. ते बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. वर दिसतात विमानं, पॅराशूटमधून उतरणारी माणसं आणि निळं आकाश. जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर माणसाला आकाश दाखवायचं, ही त्या स्टेशनमागची कल्पना. फॉरवर्ड करणाऱ्याने निदान हा फोटो तरी बरोबर टाकायचा होता.

‘खोल म्हणून सुंदर’ हे तर मॉस्कोतच खोटं ठरतं. दुश्किनचंच क्रोपोत्किन्स्काया स्टेशन १९३५ मध्ये, मेट्रोच्या पहिल्याच टप्प्यात उघडलं. ते फारसं खोल नाही, तरी जाणकार त्याला पहिल्या रांगेत बसवतात. उलट १९५५ मध्ये, स्टॅलिननंतरच्या ख्रुश्चेव्हच्या काळात, बांधकामातली ‘उधळपट्टी’ थांबवण्याचा सरकारी ठराव झाला आणि त्यानंतर ठरावीक साच्याची स्टेशनं निघाली. खांबांच्या दोन लांबच लांब रांगा, भिंतीला साध्या फरशा. तिथले लोक त्या नमुन्याला गोम म्हणतात. ही गोमही जमिनीखालीच असते, बरं का. फरक पडला तो सरकारच्या मर्जीचा आणि तिजोरीचा.

कॉफीच्या कपाची गोष्ट मॉस्कोतही चवीने सांगतात, नकाशावर गोल मार्गाचा रंग तपकिरी आहे म्हणून ती खपतेही. पण त्या मार्गाने काय जोडलंय ते बघा. शहरातल्या नऊ जुन्या रेल्वे टर्मिनसपैकी सात त्याच्यावर येतात. इतका हुशार कप आमच्या घरी नाही. शिवाय मॉस्को शहरच मुळात एकात एक गोलांचं, रस्तेही गोलच.

दिल्लीचा दावा एका ओळीत निकालात निघतो. कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर भुयारी मेट्रो सुरू झाली. दिल्लीचा २००२ मधला पहिला टप्पा तर शाहदरा ते तीस हजारी, आपल्यासारखाच खांबांवरून.

आता काळा दगड. पश्चिम नागपूर बेसाल्टवर बसलंय, सीताबर्डीची टेकडीही त्याचीच, आणि पूर्वेकडे गेलं की त्याहून कितीतरी जुना खडक लागतो. भुयाराला दगडाचं वावडं नसतं. धसणारी, पाणी धरणारी माती जास्त छळते. मॉस्कोत तर खोदण्याआधी जमीन गोठवावी लागली होती. मुंबईची ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो बेसाल्ट कापूनच गेली. आणि पुण्याच्या सिव्हिल कोर्ट स्टेशनात जा. तेही साधारण ३३ मीटर खोल, म्हणजे मायाकोव्हस्कायाइतकंच, आणि वरून असं उघडं ठेवलंय की ऊन थेट खालच्या फलाटावर उतरतं. ते बांधलं कोणी? नागपूरची मेट्रो बांधली त्याच महामेट्रो या सरकारी कंपनीने. म्हणजे हात तेच होते, दगडही तोच होता.

अडलं ते पैशापाशी. नागपूरचा सुमारे ३८ किलोमीटरचा पहिला टप्पा मंजूर झाला तो ८,६८० कोटींना. मुंबईच्या त्या भुयारी मार्गाचा खर्च ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. काळ वेगळा, शहर वेगळं, जमिनीचे भाव वेगळे, सगळं मान्य. तरी आकडे शेजारी ठेवले की भुयारी नागपूर किती किलोमीटरवर संपलं असतं याचा अंदाज येतो. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, निघालेली गाडी पहिल्या टप्प्याच्या दक्षिण टोकाला, खापरीला पोचली असती का, हा हिशोब काकाजींनीच करावा.

राहिलं आकाश. ते मला खोडता येत नाही. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. छत्रपती चौकात मान वर केली तर काँक्रीटच दिसतं, आणि तिथे कोणी देइनेका बोलावलेला नाही. ही तक्रार खरी आहे, ती मॉस्कोच्या उसन्या फोटोशिवायही करता आली असती. मे महिन्यात दुपारी दोनला मात्र त्याच चौकात सिग्नल लागला की दुचाकीवाले पांढऱ्या पट्टीच्या पार मागे, पुलाच्या सावलीत थांबलेले असतात. हिरवा दिवा लागला तरी पुढचा हलायला दोन सेकंद जास्तच घेतो.