शीत-नुस्ते कोणी बंद केलेले नाही. गोळ्या मात्र बंद करू नका

डिचोलीच्या मामीने मधुमेहाच्या गोळ्या घेणे थांबवले आणि चहात साखरेऐवजी माडाचा गूळ घालायला सुरुवात केली. कारण विचारले तर मोबाईल पुढे केला. 'गोंयकारांनो, सावध!' असे शीर्षक, खाली सात मुद्दे, शेवटी 'प्रत्येक ग्रूपवर पाठवा'. हाच मेसेज आमच्या कुटुंबाच्या ग्रूपवर आला होता, देवस्थानाच्या आला होता, भजनी मंडळाच्याही आला होता. मी वाचून सोडून दिला, मामीने पाळला. "अरे, त्यात सरकारी संस्थेचे नाव आहे, टक्केवारी आहे. खोटे कसे असेल?" हे तिचे म्हणणे.

नाव आहे आणि टक्केवारीही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. याआधीची आवृत्ती २०११ची, त्याआधीची १९९८ची. १४८ पाने, १७ तत्त्वे. मेसेजचा दावा असा की हा दस्तऐवज म्हणजे गोव्याचे शीत-नुस्ते, म्हणजे भात-मासळी, संपवायचा डाव आहे. ज्याने मेसेज लिहिला त्याने तो दस्तऐवज उघडून पाहिलेला नाही, हे पहिल्या दोन मुद्द्यांतच कळते. पण क्रमाने जाण्याइतका धीर मला नाही. तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे बहुतेक नुसते चुकीचे आहेत आणि तिसरा जिवावर बेतणारा आहे.

तिसरा मुद्दा: मधुमेह हा रोग नाही, औषध कंपन्यांचा धंदा आहे. गोळ्या सोडा, माडाचा गूळ खा, रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे खोबरेल तेल प्या, साखर आपोआप उतरते. इंग्लंडात हे सिद्ध झाले आहे.

आधी गूळ. उसाचा असो की माडाचा, गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. रंग काळा, वास सुंदर, थोडी खनिजे जास्त, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. "गुळात लोह असते" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. असते, पण दिवसाची लोहाची गरज गुळातून भागवायची तर इतका खावा लागेल की मधुमेह नसलेल्यालाही तो परवडणार नाही. मार्गदर्शक तत्त्वांनी साखरेची मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम सांगितली आहे, तीही धडधाकट माणसासाठी. एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. दोन चमच्यांचे तीन कप चहा झाले की ती मर्यादा दुपारच्या झोपेपूर्वीच संपली. मामी तर गूळ चमच्याने मोजतही नव्हती, खडा टाकत होती. औषध आहे ना, मग मोजायचे कशाला!

आता तेल. दोन मोठे चमचे तेल म्हणजे २७-२८ ग्रॅम. तत्त्वांमध्ये माणसाला दिवसभराच्या सगळ्या स्वयंपाकासाठी धरलेले तेल किती? २७ ग्रॅम. म्हणजे फोडणीला मोहरी तडतडायच्या आधीच दिवसाचा कोटा रिकाम्या पोटात गेला, वर जवळपास २५० कॅलरी. आणि खोबरेल तेलातला सुमारे नव्वद टक्के भाग संपृक्त चरबीचा असतो. ती 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढवते. मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका आधीच जास्त, त्यात ही भर.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, मनात नसताना. ही तत्त्वे खोबरेल तेलाला तूप-लोण्याच्या पंगतीत बसवतात आणि जपून वापरा म्हणतात, हे खरे आहे. मेसेजवाल्याचा राग तिथला असेल तर तो समजतो. पण हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, चार माणसांमध्ये वाटून जाणारा अर्धा नारळ आणि औषध म्हणून प्यायलेले तेल या दोन गोष्टी एक नव्हेत. हुमण बंद करा असे कोणी लिहिलेले नाही.

आणि इंग्लंड. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाची एक चाचणी झाली, २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार दिला, वजन भरपूर उतरवले, आणि वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. म्हणजे 'काहींच्या गोळ्या सुटू शकतात' एवढे अर्धे सत्य मेसेजात आहे. ज्यांच्या सुटल्या त्यांचे वजन घटले होते, वैद्यकीय देखरेख होती आणि तपासण्या चालू होत्या. गूळ त्यात कुठेच नव्हता.

गोव्यात हा मुद्दा फिरणे म्हणजे काय, ते एका आकड्यावरून समजते. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले. एक लाख तेरा हजार प्रौढ माणसे तपासली होती. देशाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले. गोव्याचे २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत पहिले. चार प्रौढांत एक. ज्या भजनी मंडळाच्या ग्रूपवर हा मेसेज गेला, तिथे किती जणांच्या डब्यात गोळ्या असतील याचा हिशेब पाठवणाऱ्याने केला नाही. वाढलेली साखर दुखत नाही, हीच तिची खोड. माणसाला बरे वाटत असते आणि आत डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा झिजत असतात. मामीलाही "हलके वाटत होते". आरोग्य केंद्रात नेऊन तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर २४०च्या वर निघाली.

आता उरलेले, भराभर.

पहिला मुद्दा म्हणतो, सरकारच्या मते ५६ टक्के रोग भात-मासळीमुळे होतात. मूळ वाक्य असे: भारतातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भाग चुकीच्या आहारामुळे आहे. 'चुकीच्या आहाराच्या' जागी 'भात-मासळी' कोणी बसवली? मेसेजवाल्याने. आकडा खरा, आरोप घरचा.

दुसऱ्यावर तर हसावे की रडावे. "दिवसाला १२०० ग्रॅम खा म्हणतात, आपल्याला लठ्ठ करायचे आहे!" त्या १२०० ग्रॅममध्ये ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळ आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. उरलेल्यात धान्य २५०, डाळी किंवा त्यांच्याबरोबर अंडी-मासे-मांस मिळून ८५, दाणे-बिया ३५, तेल २७. सगळे मिळून २००० कॅलरींच्या आसपास. तांबडी भाजी, तायकिळा, अळू खाऊन कोणी लठ्ठ झालेला माझ्या पाहण्यात नाही.

चौथा, नुस्ते बंद. साफ खोटे. मासे आठवड्यातून खा असेच ही तत्त्वे सांगतात, त्यातल्या ओमेगा-३ साठी. त्यांचा आक्षेप आहे मिठावर, दिवसाला ५ ग्रॅमच्या वर नको म्हणून. तो मात्र आपल्याला लागतो. पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) खारे, सुक्या सुंगटांची किसमूर, वर लोणच्याची फोड, हे सगळे एका ताटात आले की हिशेब चुकलाच. पावसाळ्यात सुके खाल्ले की दुसरे खारट काही नको, एवढेच.

पाचवा मुद्दा भाताचा. भात काढून बाजरी-नाचणी लादायची, त्यासाठी कंपन्यांनी पैसे दिले म्हणे. नाचणी लादलेली? आपल्याकडे तिझन, ती गोड खीर, कशाची करतात? आणि २५० ग्रॅम धान्य हे कच्चे वजन आहे; तांदूळ शिजून अडीच-तीन पट होतो. कोणी भाताची वाटी काढून घेतलेली नाही, फक्त ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांवर थांबवा म्हटले आहे, कारण आज तो ५० ते ७० टक्के आहे. शिताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी हे ताट आपले आहे, नाकारून उपयोग नाही.

गंमत अशी की भाताचे वैरी म्हणून जिला शिव्या घातल्या ती संस्था जन्मली भातापायीच. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीची चौकशी सुरू केली. पांढरा, घासलेला तांदूळच मुख्यत्वे खाणाऱ्यांना होणारा हा रोग, बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. भात सालासकट उकडला की ते जीवनसत्त्व दाण्यात मुरते, म्हणून उकडा तांदूळ खाणारे पुष्कळसे वाचले. आपला उकडा चांगला, हे त्या मंडळींना मेसेजवाल्याच्या आधी शंभर वर्षे ठाऊक होते. मात्र उकडाही पिष्टच आहे. मधुमेह असेल तर त्याचीही वाटी मोजावीच लागते.

कंपन्यांच्या पैशाबद्दल एवढेच: अतिप्रक्रिया केलेले, मीठ-साखर-चरबीने भरलेले पदार्थ टाळा, स्नायू वाढवायला प्रोटीन पावडर घेऊ नका, पाकिटावरचे लेबल वाचा, हे ज्यात लिहिले आहे त्याला कंपनी पैसे कशाला देईल?

माझी तक्रार वेगळी आहे. १४८ पाने काढली, पण पोषण महिन्यात पंचायतीच्या भिंतीवर लागणाऱ्या ताटाच्या चित्रात हुमण कुठे, पेज कुठे, पोई (आपला पाव) कुठे? अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) वाटी डाळीत मोजायची की भाजीत, हे मामीला कोणी सांगितले? तिला तिच्या भाषेत आणि तिच्या ताटाबद्दल बोललेले मिळाले ते याच मेसेजात. म्हणून तो चालला.

सहावा, हेच खाऊन आज्या नव्वद वर्षे जगल्या. ज्या जगल्या त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो, आणि त्या भात कांडत होत्या, शेतात राबत होत्या, चतुर्थीशिवाय गोड क्वचित खात होत्या.

सातवा मुद्दा: जेवल्यावर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. हे बरोबर आहे. चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते, जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी. मेसेजात कुठून आले म्हणून शोधले, तर हाही सल्ला त्याच १४८ पानांत आहे.