शब्द 7 टक्के? मग मुलाखतीला गप्पच बसा

‘संवादात शब्दांचं महत्त्व फक्त 7 टक्के. आवाज 38, देहबोली 55. मुलाखतीत काय बोलता यापेक्षा कसे बसता ते पाहा.’ हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि भाचीनं मनावर घेतला. तिचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत आहे. अभ्यास बाजूला, आरशासमोर हसण्याचा सराव सुरू. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप किती, असं सहज विचारलं तर अडखळली. अगं, 0.01 मिलिमीटर हे उत्तर खांदे ताठ करून देता येत नाही, तोंडानंच द्यावं लागतं.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या 1967 सालच्या दोन प्रयोगांतले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. त्यातले 55 टक्के चेहऱ्याचे आहेत. हातपाय, बसणं यांचा तिथं पत्ताच नाही. माणूस भावना किंवा आवडनिवड यांबद्दल बोलत नसेल तर हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलंय. तरीही पटत नसेल तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याचा व्हिडिओ काढा, आवाज बंद करा आणि क्विंटलला काय दर निघाला ते सांगा. निदान 55 टक्के कळायला हवं ना?

‘माझं काही म्हणणं नाही’ म्हणणाऱ्याच्या कपाळावर आठ्या असल्या तर आपण आठ्यांवर विश्वास ठेवतो, तेवढं खरं. मुलाखतीत पाय हलवत बसू नये, हेही मान्य. पण ते आजीसुद्धा सांगायची, टक्केवारी न लावता.

खरा संताप मेसेजातल्या पुढच्या ओळीचा आहे: ‘नजर चुकवणारा खोटं बोलतो, हाताची घडी घालणारा काहीतरी लपवतो.’ जत-आटपाडीकडची एखादी पोरगी थोरामोठ्यांसमोर नजर खाली ठेवते, कारण घरी तेच वळण लागलेलं. केबिनमधल्या एसीनं हुडहुडी भरली म्हणून तिनं हाताची घडी घातली, की झाली लबाड? बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी 2006 साली खोटं ओळखण्याबद्दलचे शेकडो अभ्यास एकत्र तपासले. माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी 50 येतात! आणि हा मेसेज उमेदवारांपुरता राहत नाही, टेबलापलीकडचे साहेबही तो वाचतात. पोरीची नोकरी जाते ती तिथं.

मेसेजात आणखी एक: ‘दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभे राहा, हार्मोन बदलतात.’ याचं मूळ 2010 चा, 42 जणांवरचा ऐटीत बसण्या-उभं राहण्याचा अभ्यास. 2015 मध्ये 200 जणांवर पुन्हा करून पाहिला तर हार्मोन ढिम्म. 2016 मध्ये मूळ अभ्यासातल्या डॅना कार्नी यांनीच त्यावरून हात झटकले.

उरला मेसेजातला ‘घट्ट हस्तांदोलन करा’ हा सल्ला. समोरच्यानं हात पुढे केला तर द्यावा, नाही तर नमस्कार.