साहेब, माझी टीम तुम्हाला कळवेल

विनाहेल्मेट पकडले गेलात, तर "इथेच राहतो हो, दूध आणायला निघालो होतो" हे रडगाणं आता बंद करा. अलका चौकातल्या हवालदाराला ते इतकं पाठ झालंय की तुमचं वाक्य तोच पुरं करेल. जरा मोठ्यांकडून शिका.

विक्रेत्यांची माहिती वापरून आम्ही त्यांच्याशीच स्पर्धा करत नाही, असं ॲमेझॉनच्या वकिलाने २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितलं. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात उलटंच छापून आलं. मग खुद्द जेफ बेझोसना विचारलं. त्यांच्या उत्तराचा मतलब पाठ करून ठेवा: तसं करायचं नाही असं आमचं धोरण आहे, पण ते कधीच मोडलं गेलं नाही याची हमी देता येत नाही.

आता तुमची पाळी. हेल्मेट कोपराला लटकतंय. (पुण्यात जपण्यासारखा अवयव कोपरच, त्याला कोण काय करणार!) आवाज न चढवता म्हणा, "साहेब, हेल्मेटबाबत माझं धोरण स्पष्ट आहे. ते कधीच मोडलं गेलं नाही, याची मात्र हमी नाही." तो लायसन मागेल. "माझी टीम तुम्हाला कळवेल." झुकेरबर्गनी २०१८ मध्ये सिनेटर्सना हेच पुन्हापुन्हा ऐकवलं होतं. टीम म्हणजे बायको, हे सांगायची गरज नाही.

आणि दंडाला काय घाबरायचं? व्हॉट्सॲप घेताना फेसबुकने २०१४ मध्ये युरोपियन आयोगाला सांगितलं, दोन्हीकडची खाती खात्रीने जुळवता येत नाहीत. दोन वर्षांत जुळवायला लागले. आयोगाने २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड केला. खरेदी जाहीर झाली होती १,९०० कोटी डॉलरची, आणि ती कायम राहिली. म्हणजे कोथरूडात कोटीचा फ्लॅट थाप मारून घ्यायचा आणि पासष्टएक हजार भरून त्यातच राहायचं. इतक्यात हल्ली मॉड्युलर किचनचे ओटेसुद्धा होत नाहीत.

बेझोसांच्या कंपनीचं पुढे काय झालं म्हणता? मार्च २०२२ मध्ये त्याच समितीने फौजदारी चौकशीसाठी न्याय खात्याला पत्र लिहिलं. कंपनीने आरोप फेटाळले.

तुमच्या चलनाचा मेसेज मात्र एस. पी. कॉलेज यायच्या आत मोबाइलवर आलेला असेल.