लाटेतले बुडबुडे साबणाचे नव्हेत

फुटणाऱ्या लाटेच्या देखण्या व्हिडिओसोबत एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाणी शुद्ध असतं तर लाट फुटताना बुडबुडे झालेच नसते, ते साबण-डिटर्जंटमुळे होतात; हे बुडबुडे वरवरचे, क्षणात फुटून संपणारे; आणि समुद्राची गाज म्हणजे पाण्यावर पाणी आपटल्याचा आवाज. तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिलीत थोडं तथ्य दडलंय, त्याकडे शेवटी येतो.

‘बुडबुडे साबणामुळे होतात’: बुडबुड्याला साबण लागत नाही, पाण्यात हवा कोंडावी लागते. लाटेचा माथा पुढे कलंडतो, पाण्याची जीभ समोर आदळते आणि मधे हवेची एक नळी अडकते. पाण्याच्या खळबळीत तिचे तुकडे होतात, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे. हे कुठवर चालतं, ते २००२ साली ग्रँट डीन आणि डेल स्टोक्स या संशोधकांनी दाखवलं: साधारण एक मिलिमीटर त्रिज्येपर्यंत. त्याखाली पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, बुडबुड्याला इतका आवळून धरतो की खळबळीचं त्याच्यापुढे काही चालत नाही. मग त्याहून बारीक बुडबुडे येतात कुठून? आदळणारी जीभ आणि उडालेले थेंब पाण्यात घुसताना सोबत हवा ओढून नेतात, तिथून. सगळा कारभार जेमतेम सेकंदभराचा.

समुद्र गोड्या पाण्यापेक्षा जास्त पांढरा फुटतो, हे मात्र खरं. पण त्यात मोठा हात मिठाचा. खाऱ्या पाण्यात दोन बुडबुडे भिडले तरी सहज एक होत नाहीत, त्यामुळे बारीक ते बारीकच राहतात. बाटलीत साधं पाणी जोरात हलवून बघा, मग त्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवून पुन्हा हलवा. दुसऱ्या खेपेचा दुधाळपणा जास्त दाट असतो आणि निवळायला जास्त वेळ घेतो. साबणाचा थेंबही न घालता.

‘वरवरचे असतात’: मोठे बुडबुडे खरंच भराभर वर येतात. पण ०.०५ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढतो. खाली जाणारा साधा प्रवाहही त्याला सहज ओढून नेतो. जोराच्या वाऱ्यात असे बुडबुडे दहा मीटरपर्यंत आणि त्याहूनही खाली जातात. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे आतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पाण्यात दाबून विरघळतो. कित्येक बुडबुडे पुन्हा वर येतच नाहीत, पाण्यातच जिरून जातात. जे वर येऊन फुटतात तेही हवेत खारे तुषार उडवतात, आणि त्यातल्या मिठाच्या कणांवर पुढे ढगांचे थेंब धरतात.

‘गाज म्हणजे आपटण्याचा आवाज’: आपटण्याचा वाटा आहे, पण बराचसा आवाज बुडबुड्यांचा. नुकताच तुटलेला बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत घंटीसारखा वाजतो. १९३३ साली मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं: पृष्ठभागाजवळ एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची कंप्रता सुमारे ३,३०० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं, आणि बुडबुडा जितका मोठा तितका सूर खालचा.

आता ते तथ्य. लाट ओसरल्यावरही किनाऱ्यावर साचून राहणारा, वाऱ्याने ढकलला जाणारा फेस ही वेगळी गोष्ट. तो टिकायला पाण्यात सेंद्रिय द्रव्यं लागतात. ती सांडपाण्यातून येऊ शकतात, तशीच कुजणाऱ्या सूक्ष्म शैवालांतूनही. नुसतं बघून कुठली ते कळत नाही, पाण्याचा नमुना तपासावा लागतो. आणि त्या व्हिडिओत तर असा फेस कुठेच नाही, आहे ती नुकती फुटलेली लाट.