'झेंड्याची दोरी शिपाईही ओढेल' : एका प्रतिक्रियेला उत्तर

तहसीलदाराच्या समारंभी कामांबद्दल मी लिहिलेल्या लेखावर टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती जशीच्या तशी देतो : "झेंड्याची दोरी तर शिपाईही ओढेल. तुम्हा साहेबलोकांना मिरवायची हौस. तिकडे लोक दाखल्यांसाठी खेटे घालतात आणि इकडे शाळेतली पोरं उन्हात चक्कर येऊन पडतात."

आधी भाषेबद्दल. आपली ओळख नाही, कधी भेट नाही, आणि तुम्ही माझी हौस काढता? मतभेद खुशाल असू द्यात. पण चार ओळींत एखाद्याची हयातभराची नोकरी निकालात काढायची, ही कुठली रीत? माझे वडील गावचे कोतवाल होते. 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी चावडीपुढचं अंगण झाडून, फक्की मारून ठेवायचं काम त्यांचं. तेव्हा शिपायाची किंमत मला कुणी शिकवू नये. त्याला कमी लेखलंय ते तुम्ही.

आता दोरी. घडीत फुलांच्या पाकळ्या घालून ध्वज बांधतात, ती गाठ एका झटक्यात सुटावी लागते. ती बांधणारा हात शिपायाचा किंवा पोलिसाचाच असतो. कप्पी फिरते का, दोर कुजलेला नाही ना, केशरी पट्टा वरच येतोय ना, हे आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर उभा राहून बघत असे. दोरी ओढायला ताकद लागत नाही, कबूल. पण ती ओढणारा शासनाच्या वतीने उभा असतो. 1974 पूर्वी राज्याच्या राजधानीत स्वातंत्र्यदिनालाही राज्यपालच झेंडा फडकवत. तो मान लोकांनी निवडून दिलेल्या मुख्यमंत्र्याला मिळावा, असा आग्रह तमिळनाडूच्या करुणानिधींनी केंद्राकडे धरला आणि त्या वर्षापासून तसं झालं. कुणीही ओढली तरी चालतं, तर एवढा खटाटोप कशासाठी होता?

आणि समारंभ म्हणजे फक्त झेंडा नव्हे. सातारा जिल्ह्यात असताना वीरमरण आलेल्या जवानाच्या अंत्यसंस्काराला शासनातर्फे पुष्पचक्र वाहायला मी गेलो आहे. शवपेटीवर तिरंगा असतो, केशरी पट्टा डोक्याकडे. चितेला अग्नी देण्याआधी तो काढून घ्यावा लागतो, ध्वज जाळायचा नसतो. एका गावात जवानाचे आजोबा अडून बसले, "झेंडा त्याच्यासंगंच जाऊ द्या." शेजारी जवान बंदुका घेऊन फैरींसाठी उभे, सगळं गाव माळावर लोटलेलं. मी खाली बसलो, त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "आजोबा, हा झेंडा आता तुमच्या घरी राहायचाय." त्यांनी हात सोडला नाही, पण मान हलवली. घडी घातलेला तिरंगा मग जवानाच्या पत्नीच्या हातात दिला गेला. मिरवायची हौस म्हणता ती ह्याला?

उन्हाचं मात्र मान्य. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं असतं, बाकीचा वेळ पाहुण्यांची भाषणं खातात. मुलांना सावलीत बसवावं, भाषणं आटोपती घ्यावीत, यात दुमत नाही.

दाखल्यांचा विषय वेगळा आहे, तो इथे ओढून आणू नका. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करा, सोय आहे. झेंडावंदन होतं सकाळी, तेही सुट्टीच्या दिवशी. त्यामुळे कुणाची फाइल अडते, ते मला दाखवून द्या.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. फक्त तेव्हा स्वतःचं नाव घालून लिहा.