परदेशातले फोटो थेट कोकणातल्या घरी पाठवू नका

कोकणातून परदेशी निघणाऱ्यांचा हंगाम मे-जूनचा. युरोपच्या टूर तेव्हाच, लेकीकडे अमेरिकेला जाणारे आईवडीलही तेव्हाच. आणि इकडे वळवाचा पाऊस, पाठोपाठ मृग, की लाइटचा खेळ सुरू. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्रवासातले फोटो थेट घरच्या कॉम्प्युटरवर किंवा नॅसवर (घरच्या नेटला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) चढवायचा बेत दापोली, गुहागर, मालवणातल्यांनी करू नये. फोटो आधी क्लाउडवर जाऊ देत. घरच्या मशीनने ते सवडीने खाली ओढून घ्यावेत.

थेट पाठवायचं तर दोन्ही टोकं एकाच वेळी चालू लागतात. पॅरिसला रात्रीचे ११ म्हणजे त्या दिवसांत आपल्याकडे अडीच वाजलेले. तेव्हा घरी ब्रेकर पडला तर वर कोण करणार? कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती निघण्याआधी चालू करा आणि मेन स्विच बंद-चालू करून खात्री करा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कितीतरी वाड्या कित्येक दिवस अंधारात होत्या. तिथे यूपीएस काय करणार!

दुसरी अडचण नेटची. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी (नेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून घरच्या मशीनकडे वळवणं) करूनही बाहेरून घर सापडत नाही. टेलस्केल या आपली उपकरणं खासगी जोडणीने जोडणाऱ्या अॅपने यातून वाट निघते. आयपी असला तरी नॅसचं पान जगाला उघडं ठेवू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने (फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) अशीच उघडी नॅस गाठून फायली कुलूपबंद केल्या होत्या.

आता क्लाउड कोणतं? गूगल फोटोज बघायला छान, पण त्यातून घरी आपोआप प्रत उतरवणं कटकटीचं. टेकआउट (गूगलकडचा आपला डेटा एकगठ्ठा उतरवायची सोय) मागवा, लिंकची वाट पाहा, मुदतीत उतरवा. वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचं कॅमेरा अपलोड साध्या फोल्डरमध्ये फायली टाकतं, म्हणून मला ते बरं वाटतं. फक्त त्या फोल्डरची घरच्या मशीनवर आपोआप उतरणारी जोडप्रत म्हणजे बॅकअप नव्हे. तिकडे चुकून डिलीट केलं की इकडूनही जातं. त्या फोल्डरमधून दुसऱ्या डिस्कवर रोज एकतर्फी कॉपी लावा: विंडोजवर रोबोकॉपी (विंडोजमधलीच फायली कॉपी करायची सोय) वापरत असाल तर मिररचा (मूळ गेलं की प्रतही पुसणारा) पर्याय न लावता, आरक्लोन हा कॉपीचा प्रोग्राम असेल तर सिंक नव्हे, कॉपी. सिनॉलॉजी कंपनीचं नॅस असेल तर त्यातल्या क्लाउड सिंकमध्ये ‘फक्त डाउनलोड’ निवडा, आणि मूळ फाइल गेली तरी इथली पुसू नये ही खूण करायला विसरू नका. ती डिस्क वरच्या मजल्यावर असू दे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

निघण्याआधी हिशोब करा, कारण हॉटेलचं वायफाय अपलोडला फार कंजूष असतं. ५ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी, म्हणजे २० जीबीला नऊ तास. तेही मध्ये काही तुटलं नाही तर. आणि तुटतंच. हॉटेलचं लॉगिन ठराविक तासांनी संपतं, फोनची बॅटरी-बचत अॅप झोपवते, आयफोनवर स्क्रीन बंद झाली की अपलोड रेंगाळतं. फोन चार्जरला लावा, अॅप उघडं ठेवा, बॅटरीची बंधनं त्या अॅपपुरती काढा. कॅमेऱ्यावर रॉ (प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) अधिक जेपेग काढत असाल तर रात्री फक्त जेपेग चढवा. रॉ फायली कार्डवर आणि एका छोट्या एसएसडीवर, पण कार्ड आणि एसएसडी एकाच बॅगेत नकोत. फोरके व्हिडिओ शेवटी.

गूगलची फुकट १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. १ जून २०२१ पासून कमी दर्जात ठेवलेले नवे फोटोही त्यात मोजतात. (काही जुन्या पिक्सेल फोनचा अपवाद सोडा.) जागा भरली की फोटो चढायचे थांबतात, शिवाय मेल येणंही बंद होऊ शकतं. विमान कंपनीचा निरोपही त्यात अडकेल. चीनला जाणाऱ्यांनो, तिथल्या नेटवर गूगल चालत नाही, व्यवस्था आधीच वेगळी हवी.

‘बॅकअप पूर्ण’ असं दिसलं तरी दुसऱ्या फोनच्या ब्राउझरवर शेवटचे चार फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघा. नुसतं लहान चित्र दिसणं म्हणजे पूर्ण फाइल पोचली असं नाही. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती ओटीपीपाशी. फोन चोरीला गेला, त्यातच भारतातलं सिम, आणि नव्या फोनवर लॉगिन करायला ओटीपी त्याच नंबरवर. गूगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून फोनपासून दूर, दुसऱ्या बॅगेत ठेवा. एक कागद घरी कुणाकडे तरी द्या, म्हणजे फोनवर वाचून सांगता येतील. आणि घरचा एक नंबर पाठ असू दे, कारण कॉन्टॅक्ट्सही त्याच फोनमध्ये होते.